रात्री दहाची सोबत आणि कादंबरीची पारख

पत्र

ताई, नमस्कार. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली. वय ४४, अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा आम्ही काही वर्षं कळव्याला भाड्याने राहिलो. त्या दिवसांवर मी कादंबरी लिहिली आहे. १,१०,००० शब्द झालेत, बहुतेक सगळे ट्रेनमध्ये आणि मेट्रोत, फोनवर. घरात कोणी वाचलेली नाही.

आमचा लिहिणाऱ्यांचा अकरा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कोल्हापूर, नागपूर, ठाणे, दादर, एक जण मस्कतला. रात्री दहाला व्हिडिओ कॉल लावायचा, माइक बंद करायचे आणि पाऊण तास आपापलं लिहायचं. शेवटी प्रत्येकाने आज काय झालं ते सांगायचं. हे नसतं तर कादंबरी पुरी झाली नसती. प्रकरण टाकलं की सगळे म्हणतात, ‘भन्नाट! पुढचं कधी?’ पण दोन प्रकाशकांनी नकार दिला, तिसऱ्याकडून उत्तरच नाही. चौथे छापायला तयार आहेत, ६५,००० रुपये मागतात, महिनाअखेर कळवा म्हणतात. आमचे मिस्टर म्हणतात, ‘ही माणसं तुला ओळखतात तरी का? गोड बोलायला त्यांचं काय जातं?’ खरं कोण बोलतंय तेच मला कळेनासं झालंय. पैसे भरू का?

– एक वाचक, विक्रोळी

उत्तर

नमस्कार.

पैसे भरू नका. कारणं पुढे सांगतेच, पण महिनाअखेर जवळ आहे म्हणून हे आधी.

पत्रासोबत पाठवलेली तीन प्रकरणं मी वाचली, पहिलं, नववं आणि बाविसावं. पहिल्या प्रकरणात घर सोडायच्या आदल्या रात्री सुमनकाकू शिवणकामाची टेप घेऊन स्वयंपाकघरातला ओटा मोजतात आणि ते माप लाइट बिलाच्या मागे लिहून ठेवतात. बिल्डरच्या नकाशात ओटा किती फुटांचा आहे ते कोणी त्यांना सांगितलेलं नाही, म्हणून. हा प्रसंग तुम्ही अर्ध्या पानात संपवलाय, एकही भरजरी शब्द न वापरता. मी गेली बरीच वर्षं दिवाळी अंकांसाठी आलेली हस्तलिखितं वाचते आहे. असा परिच्छेद रोज हाती येत नाही. ग्रुपने त्याला ‘भन्नाट’ म्हटलं असेल तर ते काही नुसतं गोड बोलणं नव्हतं.

आता ओळखीचं. तुमच्या मुलाची बारावी, सासूबाईंची औषधं, ऑफिसमधली क्लोजिंगची धावपळ यांतलं त्या अकरा जणांना फारसं ठाऊक नसेल. पण नवव्या प्रकरणाची सुरुवात तुम्ही पुनःपुन्हा खोडलीत, एका रात्री कॅमेरा बंद करून रडलात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाला हजर झालात, हे कोल्हापूरच्या त्या बाईंना माहीत आहे. तुम्हीच तसं लिहिलंय. तुमची ही बाजू घरात कोणी पाहिलेली नाही, कारण तुम्ही ती दाखवली नाहीत. म्हणजे ती माणसं तुम्हाला ओळखतात. सगळ्या बाजूंनी नाही, एका बाजूने, पण पक्कं ओळखतात. दिवसभराचं सगळं आवरून, स्वतःच्या झोपेतला पाऊण तास काढून जो माणूस रोज समोर येऊन बसतो, त्याचं काहीच जात नाही असं कसं म्हणायचं?

फोनवरची मैत्री म्हणून तिला कमी लेखायचंही कारण नाही. अप्रकाशित लिहिणाऱ्यांनी एकमेकांच्या आधाराने उभं राहणं मुंबईला नवीन नाही. १९५४-५५च्या सुमारास इथले काही तरुण ‘शब्द’ नावाचं अनियतकालिक, म्हणजे ठरावीक तारखेला निघायचं बंधन नसलेलं छोटं मासिक, सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढून चालवत होते. प्रस्थापित मासिकं आपलं छापतील याची वाट न बघता त्यांनी आधी एकमेकांना वाचलं. पुढे साठच्या दशकात अशा अनियतकालिकांची चळवळच झाली आणि मराठी साहित्याचा चेहरा तिने बदलला. तुम्ही प्रकरण-प्रकरण करून ग्रुपवर टाकता, त्याचंही तसंच. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः येत राहिल्या. ‘पुढचं कधी?’ म्हणून वाट पाहणारा वाचक मराठी कादंबरीला तेव्हापासून आहे.

मग ग्रुप खरं बोलतोय आणि प्रकाशक खोटे, असं आहे का? तसंही नाही. तुमची गफलत होतेय ती इथे. ग्रुपकडून तुम्हाला मिळते ती सोबत. ती अस्सल आहे आणि तिच्याशिवाय १,१०,००० शब्द झाले नसते. पण तुम्ही त्याच सोबतीकडून पारखही मागताय, आणि ती देणं त्यांना शक्य नाही. मन राखायचं म्हणून नव्हे. ते ज्या पद्धतीने वाचतात त्या पद्धतीने कादंबरी पारखताच येत नाही.

तुमच्याच पानांतलं दाखवते. पहिल्या प्रकरणात सुमनकाकूंचे यजमान वारलेले आहेत, भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो आहे. नवव्या प्रकरणात वाक्य आहे, ‘काकांनी संमतीपत्रावर सही केली तेव्हा काकू आत भाकऱ्या थापत होत्या.’ मी दोन्ही प्रकरणं एका बैठकीत वाचली म्हणून मला ते लगेच दिसलं. अकरा जणांपैकी कोणालाही दिसलं नाही, कारण त्यांच्यासाठी या दोन प्रकरणांमध्ये कित्येक महिने गेले आणि मध्ये त्यांनी एकमेकांची ढीगभर प्रकरणं वाचली. यात दोष कोणाचाच नाही. तुकड्यातुकड्याने वाचणारा तुकड्याची तारीफ करतो. कादंबरी मध्ये कुठे सैल पडते, एखादं पात्र कुठे हरवून जातं, शेवटी जे घडतं त्याची तयारी आधी झाली होती का, हे सलग वाचल्याशिवाय कळत नाही. आणखी एक गोष्ट होते. दर आठवड्याला ‘पुढचं कधी?’ ऐकायची सवय लागली की लिहिणारा प्रत्येक प्रकरण ओढ लावूनच संपवू लागतो. तुमच्या तिन्ही प्रकरणांच्या शेवटी दारावर थाप, फोनची रिंग किंवा ‘आणि तेवढ्यात’ आहे. ग्रुपवर हे छान चालतं. पुस्तकात पाचव्या थापेला वाचक कंटाळतो.

म्हणून अकरा जणांतले दोनच निवडा. सगळ्यात जास्त कौतुक करणारे नकोत. ज्यांच्या स्वतःच्या लिखाणात नेमकेपणा आहे असे निवडा, आणि त्यांतला निदान एक या शहराबाहेरचा असू द्या. कॉर्पस फंड, म्हणजे पुनर्विकासात बिल्डर सभासदांसाठी देतो ती ठरावीक रक्कम, कशासाठी असतो, नवी इमारत होईपर्यंत बिल्डरने द्यायचं भाडं त्याने थकवलं की पंचवीस कुटुंबांचं काय होतं, हे मुंबईकराला सांगावं लागत नाही. नागपूरच्या माणसाला ते पानावरच कळलं पाहिजे. दोघांना पूर्ण हस्तलिखित एकत्र द्या, जमलं तर छापून, स्पायरल बाइंडिंग करून कुरिअरने. ‘कशी वाटली?’ असं विचारलंत तर ‘छान’ असंच उत्तर येईल. त्याऐवजी वाचताना ज्या पानावर त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून फोन हातात घेतला त्या पानावर फुली मारायला सांगा. मागचं पान उलटून ‘हा कोण?’ असं जिथे बघावं लागलं तिथे प्रश्नचिन्ह करायला सांगा. बाकी मतं नकोत. दोघांच्या फुल्या एकाच ठिकाणी पडल्या तर ते पान दुरुस्तीला आलं, मग ते तुमचं कितीही लाडकं असो.

सहा आठवड्यांची मुदत द्या आणि तोवर कादंबरीला हात लावू नका. दहाच्या कॉलला मात्र जात राहा. एखादी कथा सुरू करा, दिवाळी अंकांना कथा हव्याच असतात. बहुतेक अंकांचं साहित्य पावसाळ्यातच ठरून जातं, तेव्हा गणपतीत पाठवलेली कथा उशिराच पोचते.

प्रकाशकांच्या नकाराचं दुःख मला कळतं. पण त्यातूनही तुम्ही पारख वाचताय, आणि तिथे ती असेलच असं नाही. १,१०,००० शब्दांचं पुस्तक साडेतीनशे पानांच्या वर जातं. मराठीत नव्या कादंबरीकाराच्या फार तर हजार प्रती निघतात, हल्ली पाचशे किंवा त्याहूनही कमी. एवढ्या जाड पुस्तकाची किंमत जास्त ठेवावी लागते आणि नाव माहीत नसलेल्या लेखिकेचं महाग पुस्तक विकत घ्यायला वाचक कचरतो. हा हिशेब मांडून अनेक हस्तलिखितं पहिलं पानही न उलटता परत जातात. ज्यांनी नकार दिला त्यांनी कारण लिहिलंय का? तुमच्या पत्रात तसं काही नाही. कारणाशिवाय आलेल्या नकारातून कादंबरी वाईट आहे असा अर्थ काढू नका. उत्तरच न देणाऱ्याबद्दल तर विचारही करू नका. तीन महिन्यांनी एक नम्र ई-मेल करा आणि पुढच्याकडे पाठवा.

पाठवायची पद्धतही बदला. तुम्ही अख्ख्या कादंबरीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवलीत असं दिसतं. ती लग्नाच्या आमंत्रणांच्या आणि शुभ सकाळच्या मेसेजांच्या खाली गाडली जाते. आधी ई-मेलने किंवा पोस्टाने एक पानाचा गोषवारा, पहिली तीन प्रकरणं आणि स्वतःबद्दल चार ओळी पाठवा. गोषवाऱ्यात शेवट लपवू नका, संपादकाला तो कळायला हवा. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर नीट उघडेल अशा अक्षरांत, असल्याचं लिहा. फोनवर बोलून टाइप केलेला भाग असेल तर एकदा संगणकावर मोठ्या अक्षरात वाचून काढा. बाविसाव्या प्रकरणात ‘सभा’च्या जागी दोनदा ‘शोभा’ आलंय, हे बोलून टाइप करण्याचंच काम दिसतं.

आता ते ६५,००० रुपये. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात मला कमीपणा वाटत नाही, आपल्याकडे अनेक चांगली पुस्तकं तशी निघालीत. पण मग खर्च कशाचा, प्रती किती, त्या कोणाच्या ताब्यात राहणार आणि विकणार कोण, हे लेखी हवं. तुम्ही जोडलेल्या कागदावर यातलं काहीही नाही. आहे ती ‘आयएसबीएन शुल्क ५,००० रुपये’ अशी एक ओळ. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. भारतात तो राजा राममोहन राय नॅशनल एजन्सी देते आणि त्यासाठी एक रुपयाही घेत नाही. लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. फुकट मिळणाऱ्या क्रमांकाचे जो पाच हजार लावतो, त्याच्या उरलेल्या साठ हजारांवर मी विश्वास ठेवणार नाही.

त्याच कागदावर तळाशी ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असं आहे. यावर सही करू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलंत त्या क्षणी त्यावर तुमचा हक्क झाला. नोंदणी केली नाही तरी तो असतो, आणि तुमच्या पश्चात ६० वर्षं तुमच्या वारसांकडे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. यातली मेख अशी की करारात काही लिहिलेलं असेल तर ते लिहिलेलं चालतं. म्हणून छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, मालिका किंवा सिनेमा यांतलं काय देताय आणि किती वर्षांसाठी, ते वेगवेगळं लिहून घ्यायचं. छापील पुस्तकाचे हक्क मागणाऱ्याला मालिकेचे हक्क आपोआप मिळता कामा नयेत. महिनाअखेरच्या आत त्यांना दोन ओळी पाठवा: ‘हस्तलिखिताची दुरुस्ती चालू आहे. खर्चाचा तपशील, प्रतींची संख्या आणि कराराचा मसुदा पाठवावा.’ चांगला प्रकाशक यावर रागावत नाही.

पैसे न भरता पहिलं पुस्तक काढायची एक वाट आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही अशांसाठी आहे आणि त्यात कादंबरीही बसते. अटी आणि पानांची मर्यादा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट पाहा, तुमची कादंबरी लांब आहे. ग्रुपवरची प्रकरणं तूर्त ग्रुपपुरतीच ठेवा. अख्खी कादंबरी कुठे खुली टाकली की काही प्रकाशक आणि काही स्पर्धा तिला अप्रकाशित मानत नाहीत.

ग्रुपबद्दल अजून थोडं. तो कायम राहील असं धरून चालू नका. १९९९ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २१ जणांनी एका महिन्यात कादंबरी लिहून काढायची म्हणून एक उपक्रम सुरू केला. पुढे तो नोव्हेंबरात होऊ लागला, ५०,००० शब्दांचं लक्ष्य ठरलं, जगभरचे लाखो लोक त्यात आले. २०२५ मध्ये ती संस्था बंद झाली. मस्कतच्या बाई उद्या नोकरी बदलतील, कोणाचं पुस्तक येईल आणि कोणाच्या तरी मनाला ते लागेल, कोणी न सांगता निघून जाईल. असं झालं तर ती सोबत खोटी होती असं समजू नका. आणि जोवर आहे तोवर तुम्हीही त्यांना चांगला वाचक व्हा. कोल्हापूरच्या बाईंची कादंबरी तुम्ही कधी सलग वाचलीत? तुमच्यासाठी फुल्या मारणाऱ्याच्या हस्तलिखितावर तुम्हीही फुल्या मारायला हव्यात.

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी तर प्रत्यक्ष भेटाच. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून जुनं, १८९३चं. शनिवारी दुपारी कपाटांमधून फिरा आणि आपण लिहितो त्या विषयावर आधी कोणी काय लिहिलंय ते काढून बघा. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ आहे, तिथल्या कार्यक्रमांना जा. तिथे पन्नास-साठ वर्षं वाचत आलेली माणसं भेटतात. त्यांच्यासमोर एक प्रकरण वाचलंत तर कोणाचं लक्ष कुठे उडालं हे चेहऱ्यांवर दिसतं. बंद माइकच्या कॉलवर ते कळत नाही.

मिस्टरांच्या बोलण्याचा राग धरू नका. रोज रात्री बायको पाऊण तास दार लोटून अनोळखी माणसांसोबत बसते आणि तिथे काय चालतं ते आपल्याला माहीत नाही, हे कोणालाही टोचेल. कादंबरी त्यांच्याही आयुष्यातल्या दिवसांवर आहे, आणि ती त्यांच्याआधी मस्कतला पोचली. तुम्ही लिहिलंय की ते सोसायटीच्या कमिटीवर होते, बिल्डरसोबतच्या सगळ्या बैठकांना गेले होते. तुमचं बाविसावं प्रकरण नेमकं सर्वसाधारण सभेचं आहे आणि तिन्हींत तेच सगळ्यात कच्चं आहे. त्यात सगळे सभासद नोटिशीच्या भाषेत बोलतात, कोणी ओरडत नाही, कोणी चहा कधी येणार विचारत नाही, कोणी मध्येच उठून पार्किंगचं भांडण उकरून काढत नाही. खऱ्या सभेत काय झालं होतं ते तुमच्या घरातच कोणाला तरी ठाऊक आहे.

या रविवारी जेवणानंतर ते प्रकरण त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ‘वाचा आणि सांगा’ म्हणून फोन हातात देऊ नका, तुम्हीच वाचा. ते मध्येच थांबवतील, असं झालं नव्हतं म्हणतील, अमक्याचं नाव असं उघड घेऊ नकोस म्हणतील. शेवटचं तर ऐकाच, कारण शेजारी स्वतःला ओळखणारच आहेत, आणि नावं, मजले, नोकऱ्या आताच बदलून ठेवलेल्या बऱ्या. वाद घालू नका. जे सांगतील ते वहीत उतरवून घ्या आणि रात्री दहाला तीच वही घेऊन बसा.